मंडई कोणीं बांधली?

वाचकहो, गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शाळेंतलीं सातवीचीं मुलें घेऊन मी पुण्यास गेलों होतों. सकाळीं शनिवारवाडा झाला, दुपारीं गंज पेठेंतलें जोतीराव व सावित्रीबाई यांचें घर झालें, आणि उन्हें उतरतां उतरतां आम्ही मंडईंत पोंचलों. आमचीं मुलें शेतकऱ्यांचीं आणि कारागिरांचीं. मेथीची जुडी किंवा वांग्याची पाटी त्यांना नवी नाहीं. त्यामुळें भाजीकडे कोणी पाहीना. सगळ्यांच्या माना वर. मधला तो अष्टकोनी मनोरा, काळ्या दगडाच्या कमानी आणि उंच छप्पर हीं तीं पाहत राहिलीं. तेवढ्यांत एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, ही कुणी बांधली?"

मीं पाठ असलेलें उत्तर दिलें, "इंग्रजांनीं, 1886 सालीं."

ती मुलगी भिंतीपाशीं गेली. दगडावरून हात फिरवून म्हणाली, "ही टांकी तर आमच्या आज्याच्या टांकीवानी हाय. साहेब टांकी मारीत व्हते व्हय?" सारीं मुलें हसलीं. मला मात्र हसूं आलें नाहीं. वीस वर्षें मुलांना शिकवीत आहें, पण मीं दिलेलें उत्तर खोटें आहे हें एका गवंड्याच्या नातीनें मला दाखवून दिलें. परत येतांना गाडींत मी तोच विचार करीत होतों, आणि तो विचार आपल्यापुढें मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहें.

आधीं जें ठाऊक आहे तें सांगतों. मंडईचा नकाशा काढला कर्नल वॉल्टर डुकाट या इंग्रज इंजिनेरानें. बांधण्याचें काम केलें वासुदेव बापूजी कानिटकर या कंत्राटदारांनीं. इमारतीला नांव दिलें मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें, म्हणून कित्येक वर्षें ती रे मार्केट म्हणून ओळखली जात असे. म्हणजे नकाशा काढणाराचें नांव राहिलें, कंत्राट घेणाराचें राहिलें, आणि ज्यानें एकही वीट उचलली नाहीं त्याचें तर सर्वांत मोठ्या अक्षरांत राहिलें. खाणींतून दगड काढणारा वडार, तो घडविणारा पाथरवट, चुन्याची घाणी फिरविणारा, ओळंबा धरणारा गवंडी, छपराचे वासे जोडणारा सुतार, डोकीवर घमेलें वाहणारी बाई, यांचें नांव कोणी घेत नाहीं.

आपल्याकडे ही रीत सदाच होती असें मात्र नाहीं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळापुढें जा. तेथें एका पायरीच्या दगडावर हिरोजी इंदुलकराचें नांव कोरलेलें आहे. ज्यानें शिवछत्रपतींची राजधानी उभी केली त्यानें आपलें नांव पायरीवर ठेविलें, आणि महाराजांच्या राज्यांत तें तेथें राहूं शकलें. बांधणाराला आपलें नांव सांगण्याचा अधिकार आहे हें त्या एका पायरीवरून कळतें.

आतां कोणी म्हणेल कीं, गुरुजी, नकाशा काढणारावर तुमचा राग आहे. तसें नाहीं. मंडईचा नकाशा ज्यानें काढला त्याच्या डोक्याला मी मान देतों. मंडई होण्यापूर्वीं पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणांत भरत असे. उन्हाळ्यांत भाजी दुपारपर्यंत माना टाकी आणि पावसाळ्यांत चिखलांतच तागडी धरावी लागे. शुक्रवार पेठेंत ही इमारत झाली तेव्हां भाजीवाल्याच्या डोक्यावर प्रथमच पक्कें छप्पर आलें. आंत उभें राहून पाहा. मध्यें अष्टकोनी भाग आणि तेथून बाहेर फांकलेले लांब लांब फाटे. गिऱ्हाईक कोठल्याही बाजूनें शिरलें तरी चालत चालत मध्यावर येतें, म्हणून आडबाजूच्या गाळ्यालाही गिऱ्हाईक मिळतें. छप्पर उंच, त्यामुळें तापलेली हवा वर चढते आणि खालीं पालेभाजीला थोडा गारवा राहतो. विकणारा उंच ओट्यावर बसतो आणि माल त्याच्यापुढें उतरता मांडलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाला वांकावें लागत नाहीं, माल तुडवला जात नाहीं आणि बसणाराची नजर सगळ्या ढिगावर राहते. घाऊक बाजार पुढें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. 2024 सालच्या सप्टेंबरांत मंडईजवळ जमिनीखालीं मेट्रोचें स्टेशन सुरू झालें. पण किरकोळ भाजीचा व्यवहार आज जवळजवळ एकशेंचाळीस वर्षांनींही त्याच छपराखालीं चालला आहे. इमारतीची परीक्षा मनोऱ्याच्या उंचीवरून होत नाहीं. ज्यानें तिच्यांत दिवस काढायचा, त्याचा दिवस सोपा झाला कीं नाहीं, यावरून होते. त्या परीक्षेंत मंडई उतरली आहे.

मग जोतीरावांनीं या मंडईला विरोध कां केला? ही गोष्ट आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल, पण तिचा अर्थ आपण नीट लावीत नाहीं. 1876 पासून सहा-एक वर्षें जोतीराव पुणें नगरपालिकेचे सभासद होते. एवढा मोठा खर्च मंडईच्या इमारतीवर करण्यापेक्षां गोरगरिबांच्या शिक्षणाकडे आधीं पैसा लावा, असें त्यांचें म्हणणें होतें. तें कोणीं ऐकलें नाहीं आणि इमारत उभी राहिली. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई असें नांव मिळालें. मुंबईस विल्यम इमर्सन यांच्या नकाशाबरहुकूम 1869 सालीं पुरें झालेलें क्रॉफर्ड मार्केट आहे; त्यालाही आज जोतीरावांचेंच नांव आहे. ज्या पुरुषानें बाजाराच्या इमारतीवरील खर्चाला हरकत घेतली, त्याच्याच नांवाच्या दोन बाजारइमारती दोन शहरांत उभ्या आहेत! कित्येक लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटत नाहीं.

कारण जोतीराव इमारतींचे शत्रू नव्हते. ते स्वतः कंत्राटदार होते. पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नांवाखालीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं मोठमोठीं कामें केलीं. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल यांशीं त्यांचें नांव जोडलेलें आहे. दगड, चुना, मजुरी आणि बिलें यांतलें त्यांना जेवढें कळत होतें तेवढें नगरपालिकेंत बसलेल्या किती जणांना कळत असेल? अशा जाणत्या माणसानें जेव्हां हात वर करून विचारलें कीं ही इमारत आधीं कीं शाळा आधीं, तेव्हां तो प्रश्न अडाण्याचा नव्हता. इमारतींविषयींचा सर्वांत पहिला प्रश्नच तो होता. कोणासाठीं? आणि कशाच्या आधीं? नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीं या दोन प्रश्नांचें उत्तर कोणी तरी दिलेलें असतें. पेन्सिल धरणारा नंतर येतो. तें उत्तर देतांना आपण तेथें हजर असतों कीं नाहीं, सारें त्यावर अवलंबून आहे.

जोतीरावांनीं आपल्या घराच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर कसें दिलें तें पाहा. 1868 सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. हौद तोच, दगड तोच, पाणीही तेंच. एक चिराही न बदलतां ती वास्तु बदलली, कारण तिच्यापाशीं कोणीं यावें हें बदललें. नकाशांतली ही सर्वांत मोठी दुरुस्ती कागदावर करावी लागत नाहीं.

आतां माझ्या घरची एक आठवण सांगतों. माझी आजी पाटी घेऊन मंडईला जात असे. लहानपणीं मीही तिच्याबरोबर जाई. पण ती आंत ओट्यावर कधीं बसली नाहीं. आंतले गाळे ज्यांचे होते त्यांचे होते. आजी बाहेर, रस्त्याच्या कडेला, पोतें अंथरून बसे. दुपारीं ऊन अंगावर आलें कीं पाटी सरकवीत सरकवीत मंडईच्या भिंतीच्या सांवलींत नेई. सांवली जशी फिरे तशी आजीही फिरे. पाऊस आला कीं भाजीवर गोणपाट आणि डोकीवर पदर. त्या भिंतीची सांवली एवढाच काय तो त्या सुंदर इमारतींतला आमचा वांटा होता. मला कोणाची तक्रार करायची नाहीं. गाळे मोजके असतात आणि माणसें फार. पण ज्या शेतकरी बाईनें भाजी पिकविली आणि डोकीवर आणली, तिनें दोन घटका कोठें टेकावें हा प्रश्न मुळांत नकाशांत नव्हताच. म्हणून उत्तरही नव्हतें. जें विचारलेंच नाहीं तें चांगल्यांतला चांगला इंजिनेरही बांधून देत नाहीं.

हें शहराचें झालें. आमच्या गांवचें याहून वाईट. पंधरा-एक वर्षांपूर्वीं आमच्या शाळेला दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या. गांवाला आनंद झाला. नकाशा वरून आला. तसाच नकाशा शेजारच्या गांवींही आला होता. काम आमच्याच गांवच्या एका जुन्या गवंड्याकडे होतें. मंडईंत मला प्रश्न विचारणारी मुलगी ती त्यांचीच नात. आम्ही त्यांना तात्या म्हणतों. पाया आंखतांना तात्या देखरेखीच्या साहेबांना म्हणाले, "साहेब, पावसाळ्यांत इथं वारं मावळतीकडनं येतं. दारं अन् खिडक्या तिकडं ठेवल्या तर पोरं भिजत्याल. तोंड उगवतीला फिरवूं का?"

साहेब वयानें तात्यांच्या मुलाएवढे. ते म्हणाले, "नकाशांत आहे तसें कर. तुला नकाशा वाचतां येतो का?"

तात्या गप्प बसले. संध्याकाळीं माझ्यापाशीं येऊन एवढेंच म्हणाले, "नकाशा वाचतां येत नाय, गुरुजी. पर पाऊस वाचतां येतो."

त्या खोल्या बांधून झाल्या, उद्घाटन झालें, नारळ फुटला. तेव्हांपासून दर आषाढांत मुलें दप्तरें छातीशीं धरून एका भिंतीला जाऊन बसतात, कारण अर्धी खोली ओली असते. खिडक्या लावून घ्याव्यात तर अंधार होतो आणि फळ्यावरचें अक्षर दिसत नाहीं. दारावर हातभर छज्जा असता तरी पुष्कळ काम झालें असतें. हात धुण्याचे नळ एवढ्या उंचीवर आहेत कीं पहिलीच्या मुलाला दुसऱ्यानें उचलावें लागतें. ज्यानें तो नकाशा काढला तो माणूस वाईट असेल असें मला वाटत नाहीं. त्यानें आमचें गांव पाहिलें नव्हतें आणि गांवानें त्याला पाहिलें नव्हतें, एवढाच त्याचा दोष आणि एवढाच आमचाही दोष. तात्या बोलत होते तेव्हां मी, एक शिकलेला माणूस, शेजारीं उभा होतों. मींही तोंड उघडलें नाहीं.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं नकाशेवाले हवेतच कशाला, आपला गवंडी आपल्या वाडवडिलांच्या रीतीनें बांधील तें खरें. वाचकहो, हें म्हणणें गोड लागतें, पण तें जिवावर बेतणारें आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी झालेली, गणपति बोळवून गांवें झोंपलेलीं, आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गांवांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. तीं माणसें कशानें मेलीं? बहुतेक आपल्याच घरांखालीं. हात-दोन हात जाड दगडी भिंती, पण दगड गोटे-गोटे आणि मधला जोड नुसत्या मातीचा. भिंतीच्या दोन अंगांना एकत्र धरून ठेवणारा आरपार लांब दगड फारसा घातलेला नसे. वर माळवद, उन्हाळ्यांत गार राहावें आणि पावसांत गळूं नये म्हणून त्यावर माती घालीत गेलेले, आणि वर्षानुवर्षें वजन वाढत गेलेलें. धरणी हलली तशी भिंतीचीं दोन्ही अंगें दोन दिशांना सुटलीं आणि सगळा भार झोंपलेल्या माणसांवर आला. आपल्या वाडवडिलांनीं ऊन आणि पाऊस यांचा विचार करून तीं घरें बांधलीं होतीं. भूकंपाचा विचार त्यांच्यापाशीं नव्हता. तो विचार ज्याच्यापाशीं असतो त्या शिकलेल्या माणसाची आपल्याला गरज आहे. ठराविक अंतरावर आरपार दगड घालणें, दाराखिडक्यांच्या वरून भिंतीभोंवती एक सलग पट्टा बांधणें, माळवदावरचा बोजा कमी करणें हीं फार खर्चाचीं कामें नाहींत. पण तीं माहीत असावीं लागतात. ज्ञान घरांत येऊं न देणें हा कांहीं स्वाभिमान नव्हे.

परंतु भूकंपानंतर काय झालें तेंही पाहा. पन्नासाच्या आसपास गांवें उठवून दुसऱ्या जागीं वसविलीं. घरें पक्कीं झालीं, रस्ते सरळ व रुंद झाले, आणि हजारों कुटुंबांच्या डोक्यावर पुन्हां छप्पर आलें. त्याबद्दल कोणी कृतघ्न होऊं नये. पण घर केवढें द्यायचें हें कशावरून ठरलें? जमिनीवरून. ज्याला जमीन नाहीं किंवा फार थोडी आहे त्याला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, आणि मोठ्या जमीनवाल्याला 750. म्हणजे ज्या सुताराचें, लोहाराचें, कुंभाराचें घर हेंच त्याचें दुकान, ज्याचा भाता, नेहाई किंवा चाक घरींच असावयाचें, त्याला भूमिहीन म्हणून सर्वांत लहान घर! गुरें कोठें बांधावींत, कडबा कोठें रचावा, म्हातारीनें ऊन खात कोठें बसावें, हें शहरासारख्या सरळ ओळींत कोठें बसवायचें? पुढें लोकांनीं आपल्या हातांनीं त्या घरांना पडव्या जोडल्या, गोठे काढले, ओटे घातले. जें आधीं विचारायला हवें होतें तें लोकांनीं मागून बांधून सांगितलें.

आणि ही चूक आपल्याच देशांत होते असें नाहीं. मिसर देशांत हसन फाथी नांवाचे मोठे वास्तुविशारद होऊन गेले. गरिबांसाठीं परदेशीं सिमेंट कशाला, म्हणून त्यांनीं आपल्या देशाची कच्ची वीट आणि जुन्या गवंड्यांची घुमट बांधण्याची कला पुन्हां वर आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या सुमारास त्यांनीं लक्सर शहरासमोर न्यू गुरना नांवाचें गांव आंखलें. गांव सुरेख झालें. पण ज्या लोकांना तेथें न्यायचें होतें त्यांचें पोट जुन्या जागेवर, प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर होतें. ते यायला तयार नव्हते, आणि तें काम अर्ध्यांतच राहिलें. माणूस सज्जन, कला अस्सल, माती गांवचीच; तरी लोक आले नाहींत, कारण जागा सोडायची कीं नाहीं हा निर्णय दुसऱ्यानें केला होता. याच्या उलट केरळांत लॉरी बेकर यांचें काम पाहावें. हे गृहस्थ जन्मानें इंग्रज. 2007 सालीं वारले. ते बांधकामाच्या जागेवर गवंड्यांबरोबर उभे राहत, तेथेंच कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढीत, आणि विटांच्या जाळीच्या भिंती बांधून खिडक्यांचा खर्च वांचवून वारा व उजेड आंत घेत. त्यांच्या कामांत पेन्सिल आणि थापी शेजारीं शेजारीं होत्या.

आपल्याकडे या दोहोंची फारकत केव्हां झाली? पूर्वीं वाडा बांधणारा मिस्त्रीच कोळशानें फळीवर खण मांडी, तोच सूत धरी आणि तोच तुळई चढवी. इंग्रजी अमलांत नकाशा हें निराळें खातें झालें. 1854 सालीं पुण्यास सरकारी बांधकामखात्याला हाताखालचे नोकर मिळावेत म्हणून इंजिनेरीचा वर्ग निघाला. मुंबईस 1857 सालीं जे. जे. कलाशाळा निघाली आणि तेथें पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं इमारतकलेचें पद्धतशीर शिक्षण सुरू झालें. हें वाईट झालें असें नाहीं. पण या वर्गांत बसायला आधीं पाटीपुस्तक लागे, आणि पाटीपुस्तक कोणाच्या घरीं होतें? ज्यांचे हात दगडाला लागले होते त्यांच्या मुलांना शाळा नव्हती. ज्यांना शाळा होती त्यांच्या हातांना दगड लागला नव्हता. जोतीराव मंडईच्या आधीं शाळा मागत होते तें यासाठींच होतें, असें मला आतां वाटतें. तेव्हां शाळा आधीं झाल्या असत्या, तर पुढच्या मंडईचा नकाशा एखाद्या गवंड्याच्या मुलानें काढला असता.

संधि मिळाली तेथें आपले लोक मागें राहिले नाहींत. मुंबई महापालिकेची ती भव्य इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या नकाशाप्रमाणें 1893 सालीं पुरी झाली. तिचे कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी काळेवार, मुंबईंतले तेलुगु समाजाचे गृहस्थ आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मंजूर रक्कम होती 11,88,082 रुपये; काम झालें 11,19,969 रुपयांत. म्हणजे 68,113 रुपये वांचले. आजकाल सरकारी काम मंजूर रकमेच्या आंत पुरें झाल्याचें आपण किती वेळां ऐकतों? ज्याला काम हातानें ठाऊक असतें त्याला पैसा कोठें मुरतो हेंही ठाऊक असतें.

आज 1972 च्या कायद्याप्रमाणें नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही आपल्या नांवापुढें आर्किटेक्ट हा शब्द लावतां येत नाहीं. त्यासाठीं बारावीला गणित हवें, प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तींत चित्रकलेची परीक्षा होते, आणि पुढें पांच वर्षें कॉलेज. कायदा ठीक आहे. अडाणी माणसाच्या हातीं लोकांचे जीव देऊं नयेत. पण खेड्यांतल्या किती शाळांत चित्रकलेचा शिक्षक आहे? ज्या मुलीला डोळ्यांनीं भिंतीचा ओळंबा कळतो, तिला तीन बाजूंनीं वस्तु काढून दाखवायला कोणी शिकविलेलें नसतें, म्हणून ती परीक्षेच्या दारांतूनच परत फिरते. हुशारी घरांत पिढ्यान् पिढ्या आहे, पण तिच्यावर शिक्का नाहीं.

म्हणून माझें मागणें चार गोष्टींचें आहे. पहिली गोष्ट, गांवांत शाळा, दवाखाना, समाजमंदिर कांहींही व्हायचें असो, त्याचा नकाशा ग्रामसभेपुढें ठेवावा. कागदावर तो आपल्याला कळणार नाहीं हें कबूल. म्हणून जागेवर फक्कीनें आंखून दाखवावा. दार कोठें, खिडकी कोठें, पाणी कोठून वाहणार, हें बायांनीं, म्हाताऱ्यांनीं आणि मुलांनीं त्या रेघांतून चालून पाहावें. याला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाहीं आणि फक्कीच्या एका गोणीहून अधिक खर्च येत नाहीं. दुसरी गोष्ट, ज्यानें नकाशा काढला त्यानें काम सुरू होण्यापूर्वीं एकदां तरी गांवीं यावें आणि गवंड्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलावें. तात्यांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करणारा माणूस वाऱ्याची दिशा विचारणार नाहीं. तिसरी गोष्ट, कोनशिलेवर उद्घाटकाच्या नांवाखालीं गवंडी, सुतार व मजूर यांचींही नांवें कोरावींत. जागा नसेल तर उद्घाटकाचीं अक्षरें लहान करावींत. चौथी गोष्ट, आणि ही आपल्या घरची आहे. मुलगा-मुलगी कामावर आली कीं नुसतें घमेलें उचलायला लावूं नका. मोजपट्टी हातीं द्या, माप लिहून ठेवायला सांगा, गणिताचा कंटाळा करूं देऊं नका. आणि आम्ही शिक्षकांनीं चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकण्याची संवय सोडावी. मींही तो कित्येकदां दिलेला आहे, हें येथें कबूल करतों.

सहलीहून आल्यावर मीं सातवीच्या मुलांना एक काम दिलें. आपल्या वर्गाची खोली मोजा आणि तिच्यांत काय बदल करावा तें काढून दाखवा. दोऱ्या, काठ्या, टेप जें मिळेल त्यानें त्यांनीं आठ दिवस मापें घेतलीं. तात्यांच्या नातीनें जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर खोली काढली. दार उगवतीला, मावळतीच्या खिडक्यांवर छज्जा, आणि नळ दोन उंचीवर, मोठ्यांचा वेगळा, लहानांचा वेगळा. मीं तो पुठ्ठा तात्यांना दाखविला. त्यांनीं तो बराच वेळ उलटासुलटा धरून पाहिला, मग बोटानें दार दाखवून विचारलें, "ही उगवत का?" मी हो म्हणालों. "मग मला ह्यो नकाशा वाचतां येतो," ते म्हणाले.

खोल्यांच्या दुरुस्तीचा अर्ज आम्ही केला आहे. अर्जाला तो पुठ्ठा जोडला आहे, आणि येत्या ग्रामसभेंत तात्या स्वतः तो समजावून सांगणार आहेत. वाचकहो, आपल्या गांवींही एखादी इमारत यायची असेल, तर कुदळ पडण्यापूर्वीं ग्रामसभेंत उभे राहून जोतीरावांचा प्रश्न विचारा: ही कोणासाठीं, आणि कशाच्या आधीं? आणि कोणी लेकरूं तुम्हांला विचारील कीं मंडई कोणीं बांधली, तर माझ्यासारखें अर्धें उत्तर देऊं नका. नकाशा साहेबानें काढला, कंत्राट कानिटकरांनीं घेतलें, आणि बांधली तुझ्या आज्या-पणज्यांनीं, असें सांगा.